अंधुक उजेडातल्या गाण्याच्या बैठकीसाठी कोणती लेन्स घ्यावी?

लष्करकर (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो आणि गेली दोन वर्षे गाण्याच्या बैठकींची छायाचित्रे काढण्याचा प्रयत्न करतो आहे. २०२३ साली युनेस्कोने संगीतनगरी म्हणून ग्वाल्हेरची निवड केली, तेव्हा आपल्या गावातल्या लहान-लहान बैठकींचीही कोणीतरी नीट नोंद ठेवली पाहिजे असे मला फार वाटले आणि तिथून या छंदाने मूळ धरले.

माझ्याकडे निकॉनचा डी ५६०० कॅमेरा आहे आणि त्याच्यासोबत आलेल्या दोनच लेन्स आहेत. एक १८-५५, जिचे अ‍ॅपर्चर झूम केल्यावर एफ ५.६ वर येते (एफचा आकडा लहान तितके उजेडाचे छिद्र मोठे), आणि दुसरी ७०-३००, जी शेवटच्या टोकाला एफ ६.३ होते. दिवसाच्या उजेडात या दोन्हींबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तानसेन समारोहाच्या पहिल्या दिवशी सकाळी समाधीपाशी ढोलीबुवा महाराजांची हरिकथा आणि मिलाद होतो, त्याची छायाचित्रे मला मनासारखी मिळाली होती. अडचण येते ती संध्याकाळनंतर.

मागच्या महिन्यात एका जुन्या वाड्यात घरगुती बैठक होती. पन्नास-साठ श्रोते, गाणाऱ्या बाईंच्या डोक्यावर एकच पिवळा दिवा, बाजूला समई, आणि बाकी सगळा अंधार. मी आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता, ६४०० पर्यंत वाढवला, १८-५५ लेन्स ५५ वर नेली, तरी शटरचा वेग १/४० च्या वर जाईना. त्या डोळे मिटून एका स्वरावर थांबल्या असतील तेवढीच चित्रे बरी आली. तान सुरू झाली की चेहरा मेणासारखा पुसट आणि हाताच्या जागी नुसता एक पांढरट पट्टा. दोनशे चित्रांतून जेमतेम सहा ठेवण्याजोगी निघाली, आणि त्या सहांतही त्यांचे गाणे जसे होते तसे काही दिसत नाही.

फ्लॅश मला वापरायचा नाही, तो विषय सोडूनच द्यावा. एकच नवी लेन्स किंवा फार तर दोन जुन्या घेता येतील एवढेच पैसे आहेत. ५० मि.मी. एफ १.८ घ्यावी, ८५ मि.मी. एफ १.८ घ्यावी, की थोडे थांबून, आणखी पैसे साठवून ७०-२०० एफ २.८ ची जुनी लेन्स बघावी? दुकानदार शेवटचीच घ्या म्हणून सांगतात. ज्यांनी प्रत्यक्ष बैठकीत काम केले आहे त्यांचे मत मला हवे आहे.

किल्ल्याखालचा (ग्वाल्हेर)

आपण शटरचा वेग आणि आयएसओ दोन्ही लिहिलेत हे फार चांगले केलेत, कारण त्यावरून हिशेब मांडता येतो. मी साठी ओलांडलेला माणूस आहे. ४०० एएसएची (आयएसओचेच जुने नाव) कृष्णधवल फिल्म १६०० ला ढकलून बैठकी टिपण्यापासून सुरुवात केली, तेव्हा हा हिशेब बोटांवर करण्याची सवय लागली ती आजतागायत कामी येते.

आपल्या त्या संध्याकाळी एफ ५.६ ला आयएसओ ६४०० आणि वेग १/४० होता. लेन्समधून येणारा उजेड अ‍ॅपर्चरच्या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून एफ २.८ ला तो चौपट होतो आणि त्याच उजेडात वेग १/१६० मिळतो. एफ १.८ ला तो जवळजवळ दहापट होतो, म्हणजे १/४०० मिळाला असता. किंवा आयएसओ निम्म्यावर, ३२०० वर आणूनही १/२०० मिळाला असता. ५.६ आणि १.८ हे आकडे कागदावर फार लांब वाटत नाहीत, पण गाणाऱ्याचा हात दिसणे आणि न दिसणे यातला फरक तेवढाच आहे.

दुकानदार सांगतात त्या ७०-२०० एफ २.८ ला मी वाईट म्हणणार नाही. मोठ्या मंडपात, मंच दूर असताना आणि मंचावर भरपूर दिवे असताना तिच्यासारखी लेन्स नाही. पण तिचे वजन दीड किलोच्या घरात असते. वाड्यातल्या बैठकीत आपण सतरंजीवर मांडी घालून बसलेले असता, मागे कोणाच्या तरी आजी बसलेल्या असतात, आणि तेवढी लांब नळी वर उचलली की त्यांना गाणारा दिसेनासा होतो. शिवाय ७० मि.मी. पासून सुरू होणारी लेन्स आपल्या क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरवर फुल फ्रेमच्या (३५ मि.मी. फिल्मएवढ्या सेन्सरच्या) १०५ सारखी दिसते, आणि एवढ्याशा खोलीत ती बहुधा फार जवळची ठरते. त्या लेन्समध्ये हात स्थिर ठेवणारी यंत्रणा असते हे खरे, पण ती आपल्या हाताचा कंप थांबवते, गाणाऱ्याच्या हाताची हालचाल नव्हे. ही गोष्ट लोक फार वेळा विसरतात.

म्हणून लेन्स कोणती हे ठरवण्याआधी अंतर मोजावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपला सेन्सर साधारण २३.५ मि.मी. रुंद आहे. ५० मि.मी. लेन्सने तीन मीटरवरून सुमारे १.४ मीटर रुंदीचे दृश्य मिळते, म्हणजे मांडी घातलेला एक माणूस, हात पसरले तर थोडे कमीच. त्याच लेन्सने सहा मीटरवरून २.८ मीटर मिळते, त्यात गाणारा आणि बाजूचा एक साथीदार बसतो. ८५ मि.मी. लेन्सने सहा मीटरवरून १.६५ मीटर आणि दहा मीटरवरून पावणेतीन मीटर मिळते. आपण नेहमी कुठे बसता ते मोजा, मग पन्नास की पंच्याऐंशी हा प्रश्न आपोआप सुटतो. आपली १८-५५ लेन्स ५० वर ठेवून अख्खी एक बैठक त्या आकड्याला हात न लावता काढून पाहा. एक पैसाही खर्च न करता उत्तर मिळेल.

आता एफ १.८ ची दुसरी बाजू. ८५ मि.मी. ला चार मीटरवरून एफ १.८ ठेवले तर स्पष्ट दिसणारा पट्टा एका वितीहूनही कमी, जेमतेम पंधरा-सोळा सेंटिमीटरचा असतो. डोळ्यांवर फोकस केला तर मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्या पूर्ण विरघळतात, आणि तान घेताना गाणारा पुढे झुकला की डोळेसुद्धा त्या पट्ट्याबाहेर जातात. म्हणून लेन्स एफ १.८ ची घ्यावी आणि वापरावी एफ २.२ च्या आसपास, अशी माझी पद्धत आहे. आपल्याच आकड्यांवरून एफ २.२, आयएसओ ३२०० आणि वेग १/१२५ असे जमते, आणि गाण्यासाठी ते बहुतेक वेळा पुरते. फोकस सतत चालू राहणाऱ्या पद्धतीवर ठेवून एकच बिंदू निवडावा. डी ५६०० मध्ये ३९ बिंदू आहेत, त्यांपैकी मधले नऊच क्रॉस प्रकारचे (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा ओळखणारे) आहेत आणि अंधारात भरवशाचे तेवढेच.

१/१२५ पुरते असे म्हणालो त्याचे कारण सांगतो, कारण ते लेन्सइतकेच महत्त्वाचे आहे. ग्वाल्हेरच्या गायकीत फार वेळ आलापी चालत नाही. अस्ताई-अंतरा भरला जातो, बहलावे (स्वरांचे संथ, घोळवलेले विस्तार) येतात आणि पाठोपाठ बोल-ताना (शब्दांसह घेतलेल्या ताना) आणि सपाट ताना सुरू होतात, त्यामुळे हात लवकर उठतो आणि उठलेलाच राहतो. पण हाताकडे नीट पाहिले तर असे दिसते की तान वर चढत जाते तसा तळवा वर जातो, सगळ्यात उंच जागी तो क्षणभर थबकतो आणि मग समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, खाली येतो. त्या थबकण्याच्या क्षणी १/१२५ लासुद्धा बोटे स्वच्छ येतात. एका बोटातली अंगठी आणि मनगटावरची घड्याळाची खूण दिसावी इतकी स्वच्छ आलेली चित्रे माझ्याकडे आहेत. तो क्षण पकडायचा तर ताल मोजता यायला हवा. ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित यांची ध्वनिमुद्रणे ऐकावीत आणि हाताने ताल धरून सम कुठे येते ते ओळखण्याचा सराव करावा. त्याने आपली छायाचित्रे सुधारतील हे मी अनुभवाने सांगतो.

मात्रा सोळा (ग्वाल्हेर)

मी तबला वाजवतो, छायाचित्रकार नाही. तरीही मंचावरून दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट आवाजाची. विलंबित एकतालात दोन मात्रांच्या मधली जागा मोठी असते आणि ती आम्ही जपून ठेवलेली असते. तिथे शटर खटकन वाजले की गाणाऱ्याचे लक्ष जाते, आणि ध्वनिमुद्रण चालू असेल तर तो आवाज कायमचा त्यात राहतो. आपल्या कॅमेऱ्यात आवाज कमी करणारी पद्धत असेल तर ती वापरावी, आणि शक्य तितके द्रुत लयीत किंवा श्रोत्यांच्या दादेच्या वेळी काढावे. एकदम दहा-दहा चित्रे कृपा करून काढू नयेत.

दुसरी गोष्ट त्या छोट्या दिव्याची. अंधारात फोकस सापडावा म्हणून काही कॅमेऱ्यांतून समोरच्याच्या तोंडावर दिवा पडतो. समोरून असा दिवा अचानक डोळ्यांत आला तेव्हा माझी एक तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) चुकली होती, आणि त्या गायिकेची मी मनापासून माफी मागितली होती. तो दिवा मेनूमधून बंद करता येतो असे मला एका मित्राने दाखवले. बैठकीला येण्याआधी तो बंद केलेला असावा, एवढीच विनंती आहे.

तबल्याच्या चित्रांबद्दल. रेला (बोलांची अतिजलद सलग मालिका) चालू असताना बोटे गोठवायची तर १/५०० किंवा त्याहून जास्त वेग लागतो असे छायाचित्रकार सांगतात. पण मला स्वतःला ती चित्रे आवडत नाहीत. हात चाटीवर (तबल्याच्या कडेवर) ठेवून कोणी नुसता बसून राहिला आहे असे त्यात दिसते. डग्ग्यावरचे मनगट स्थिर आणि दायाँवरची (उजव्या तबल्यावरची) बोटे थोडी पुसट, असे १/१६० च्या आसपासचे चित्र जास्त खरे वाटते. तेव्हा फक्त तबल्यासाठी म्हणून फार महागडी लेन्स घेऊ नये.

आणि एक सुचवतो. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी यावे. तेव्हा आम्ही तबला लावत असतो, हातोडीने गट्टे वर-खाली करत असतो, तानपुऱ्याच्या जवारीत दोरा सरकवणे चालू असते, आणि खोलीतले सगळे दिवे लागलेले असतात. शटरच्या आवाजाचे तेव्हा कोणालाच काही वाटत नाही. विचारले तर आम्ही जवळ येऊ देतो, आणि एक-दीड मीटरवरून आपली १८-५५ सुद्धा चालेल.

राजवाडा चौक (इंदूर)

वरच्या दोन्ही उत्तरांनंतर मी फक्त जुन्या लेन्सबद्दल आणि दिव्यांबद्दल लिहितो, कारण दोन्हींत मी नुकसान सोसले आहे.

माझाही कॅमेरा निकॉनच्या डी ५००० मालिकेतलाच आहे. तीन वर्षांपूर्वी मी एका दुकानातून जुनी ८५ मि.मी. एफ १.८ घेतली. काच स्वच्छ होती, किंमत कमी होती, आणि माझ्या कॅमेऱ्यावर चालेल असे मला ठासून सांगितले होते. घरी येऊन लावली तेव्हा कळले की ती एएफ-डी प्रकारची आहे. त्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती मोटर कॅमेऱ्याच्या बॉडीत असावी लागते, आणि डी ३००० आणि डी ५००० मालिकेच्या बॉडीत ती नाही. लेन्स बसते, चित्र निघते, पण फोकस हाताने करावा लागतो, आणि एफ १.८ ला अंधारात लहानशा व्ह्यूफाइंडरमधून तो मला कधीच नीट साधला नाही. दुकानाने लेन्स परत घेतली नाही. म्हणून जुनी लेन्स घेताना नावात एएफ-एस किंवा एएफ-पी ही अक्षरे आहेत ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. सिग्माची एचएसएम असे लिहिलेली लेन्स असेल तर तिच्यातही मोटर असते.

दुसरी तपासणी बुरशीची. लेन्सचे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागच्या बाजूने मोबाइलचा दिवा तिरपा सोडावा आणि पुढून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे काचेच्या कडेला दिसले तर ती लेन्स फुकट दिली तरी घेऊ नये. नुसती धुरकट झाक असेल तर दिवसा काही कळत नाही, पण काळ्या पडद्यापुढे गाणाऱ्यावर दिवा पडला की सगळे चित्र पांढुरके होते. बैठकीच्या चित्रांत नेमकी हीच परिस्थिती असते, म्हणून दुसऱ्यांपेक्षा आपण जास्त काळजी घ्यायला हवी.

दिव्यांबद्दल. वाड्यातला पिवळा दिवा हा चांगला दिवा आहे, त्याच्याबद्दल कृतज्ञ असावे. सभागृहांत आता स्वस्त एलईडी आले आहेत, आणि त्यांपैकी बरेच आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असतात. वेग १/२०० किंवा १/२५० ठेवला की एका चित्रात चेहरा उजळ आणि पुढच्यात काळवंडलेला, किंवा एकाच चित्रात आडवे पट्टे असा प्रकार होतो. वेग १/१०० वर आणला की तो बहुतेक जातो. म्हणजे अशा ठिकाणी एफ १.८ चा फायदा वेग वाढवण्यासाठी घेता येत नाही, तो आयएसओ कमी करण्यासाठी घ्यावा लागतो. निळ्या आणि जांभळ्या दिव्यांत चेहऱ्याचा रंग पूर्ण जातो, तेव्हा रॉ फाइलच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, नंतर रंग सुधारता येणारी) काढावी आणि प्रकाशमापन चेहऱ्यावरून करून स्वतःच्या हाताने ठरवावे. काळा पडदा पाहून कॅमेरा स्वतः ठरवायला गेला तर चेहरा पांढरा फटक होतो.

जाता जाता गायकीबद्दल एक शब्द. आमच्याकडे उस्ताद अमीर खाँ साहेबांच्या वळणाचे गाणे ऐकणारे आणि गाणारे पुष्कळ आहेत. अतिविलंबित लय, मिटलेले डोळे, फारशी न हलणारी बैठक. तिथे १/६० लासुद्धा अंगावर काटा आणणारी चित्रे मिळतात. त्यामुळे अमुक वेग हवाच असे सरसकट सांगता येणार नाही. आपण कोणाच्या बैठकीला जातो यावरही लेन्सची निवड अवलंबून असते.

लष्करकर (ग्वाल्हेर)

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. किल्ल्याखालच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे काल मी त्याच वाड्यात टेप घेऊन गेलो. यजमानांनी हसत परवानगी दिली. मी बसतो तिथून गादीपर्यंतचे अंतर सव्वातीन मीटर भरले, आणि त्याहून मागे सरकायला भिंतीमुळे जागाच नाही. म्हणजे ८५ तिथे चालणार नाही; ती लावली तर नुसता चेहरा आणि खांदेच मिळतील. त्यांच्या मुलाला गादीवर मांडी घालून बसवले, हात वर करायला लावले, १८-५५ लेन्स ५० वर ठेवली आणि कॅमेरा उभा धरला, तेव्हा गुडघ्यापासून उंचावलेल्या बोटांपर्यंत सगळे आत बसले. आडवा धरल्यावर बाजूचा तानपुराही अर्धा आला, आणि मला तो अर्धाच आवडला.

मात्र मी ज्या दुसऱ्या सभागृहात जातो तिथे पुढच्या रांगेपासून मंच आठ मीटरवर आहे आणि दिवे एलईडीचे आहेत. म्हणून आता नवी ५० मि.मी. एफ १.८ एएफ-एस घेतो, आणि एएफ-एस अक्षरे वाचून, दिवा सोडून तपासलेली ८५ कुठे जुनी मिळाली तर ती नंतर. फोकसचा दिवा मी आजच बंद केला आहे.

एक शेवटचा प्रश्न. डिसेंबरात समारोहाच्या रात्रीच्या सभेत आमच्यासारख्यांना मंचापासून वीस मीटर किंवा त्याहूनही मागे बसावे लागते. तिथे या दोन्ही लेन्सचा काही उपयोग होईल का?

किल्ल्याखालचा (ग्वाल्हेर)

निवड योग्य केलीत. वीस मीटरवरून ८५ ला साडेपाच मीटर रुंदीचे दृश्य मिळेल, म्हणजे सगळा मंच, मागची सजावट आणि थोडे श्रोते. असे एखादे चित्र प्रत्येक सभेचे असावेच, पण तेवढ्यावर समाधान होणार नाही. तिथे आपली ७०-३०० च काढावी. त्या मंचावर उजेड वाड्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो, आणि २०० च्या आसपास ठेवल्यास वीस मीटरवरून २.३ मीटरचे दृश्य मिळते, तेवढे पुरे. टोकाला ३०० पर्यंत नेऊ नये, कारण उजेड आणखी कमी होतो आणि थंडीच्या रात्री हवेत धुके असले तर लांबून ओढलेले चित्र दुधाळ होते. बेहटला, तानसेनांच्या जन्मगावी, समारोहाची सकाळची सभा होते, तिथे उन्हात आपल्या आहेत त्याच लेन्स उत्तम चालतील.

आणि रात्री दोन वाजता थंडीतून घरी आल्यावर चित्रे पाहण्याची कितीही घाई झाली, तरी कार्ड समारोहाच्या मैदानावरच काढून खिशात ठेवावे आणि कॅमेरा पिशवीत चेन लावून तसाच राहू द्यावा. उबदार खोलीत लगेच बाहेर काढला की थंड काचेवर बाष्प धरते. सकाळपर्यंत ती पिशवी उघडू नये.